संगणकाची पदवी हाती आल्यावर : नोकरी की स्वतंत्र व्यवसाय?

(डिचोली तालुक्यात संगणकशास्त्राच्या पदवी-परीक्षेस बसलेले विद्यार्थी, त्यांचे पालक व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर आहे.)



उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी ही म्हण आपल्या आजोबांच्या तोंडी असे. नातवाच्या पिढीत तिचा क्रम पुरता उलटला. नोकरी उत्तम झाली, व्यापार मध्येच राहिला, आणि शेती ही दुसरे काही न जमलेल्याने करावयाची गोष्ट ठरली. अलीकडे शहरांकडून आणखी एक क्रम कानी येऊ लागला आहे. स्वतःची कंपनी काढील तो शूर आणि दुसऱ्याची चाकरी पत्करील तो भित्रा, असे तरुणांना सांगितले जाते. ह्या सर्व क्रमांमध्ये एक दोष समान आहे. कामाची प्रत आधीच ठरवून टाकली आहे, आणि ते काम करणाऱ्या माणसाच्या घरची परिस्थिती मात्र कोणी विचारलेली नाही.

आज ह्या सभागृहात जे विद्यार्थी बसले आहेत त्यांचा निकाल थोड्याच आठवड्यांत लागेल. त्यांच्या मागे जे पालक बसले आहेत त्यांच्यापैकी कित्येकांनी शुल्क भरण्यासाठी सोने गहाण ठेवले असेल, कोणी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले असतील. म्हणून आजचा प्रश्न मुलाच्या आवडीनिवडीपुरता नाही. घरात जे काही थोडेफार शिल्लक आहे ते कोणत्या वाटेवर, किती आणि किती काळ लावावयाचे, असा तो प्रश्न आहे.

नोकरी आणि व्यवसाय यांतील भेद आपण प्रथम नीट समजून घेऊ. दोन्हींकडे कष्ट आहेत आणि दोन्हींकडे वरिष्ठ आहेत. व्यवसायातल्या वरिष्ठाला ग्राहक म्हणतात इतकेच. खरा भेद आहे तो वाईट महिन्याचा. एखाद्या महिन्यात काम आले नाही, किंवा केलेल्या कामाचे पैसे आले नाहीत, तरी नोकरदाराला पगार मिळतो. तो तोटा मालक सोसतो. व्यवसायात तो तोटा तुम्ही सोसता, आणि तुमची शक्ती संपली की तुमचे घर सोसते. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. घेतलेले काम शेवटास नेण्याइतके कौशल्य माझ्यापाशी आहे काय? त्या कामाचे पैसे देणारा ग्राहक आज माझ्या ओळखीचा आहे काय? आणि पैसे येईपर्यंत घर किती महिने तग धरील?

ज्यांची नावे आपण आदराने घेतो त्यांनी ह्या प्रश्नांना कशी उत्तरे दिली ते पाहू. इन्फोसिस ही कंपनी १९८१ साली पुण्यात सुरू झाली. सुधा मूर्ती यांनी आपल्या बचतीतून दिलेले दहा हजार रुपये हे तिचे भांडवल, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. नारायण मूर्ती यांनी त्यापूर्वी सॉफ्ट्रॉनिक्स नावाचा स्वतंत्र व्यवसाय करून पाहिला होता आणि तो चालला नव्हता. त्यानंतर त्यांनी पाटणी कॉम्प्युटर सिस्टिम्स ह्या कंपनीत नोकरी धरली. इन्फोसिस काढणारे त्यांचे सहकारीही त्याच कंपनीत काम केलेले होते. म्हणजे दहा हजार रुपये हे भांडवल खरे, पण त्याच्या जोडीला अनुभवाचे भांडवल होते, आणि काम देणारा ग्राहक अमेरिकेत उभा होता. स्वतःचा संगणक त्यांच्याकडे पुढे आला. ग्राहक आधी आला.

दुसरे उदाहरण पर्सिस्टंट सिस्टिम्सचे. तिचे संस्थापक आनंद देशपांडे यांनी खरगपूरच्या आय.आय.टी.मधून पदवी घेतली, अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली, ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आणि १९९० साली पुण्यात आपली कंपनी काढली. माहितीचे साठे संगणकात कसे रचावे हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता आणि कंपनीचे आरंभीचे कामही त्याच विषयातले होते.

तिसरे उदाहरण कैलास काटकर यांचे. त्यांचे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याचे काम ते आधी दुसऱ्याकडे नोकरीत शिकले आणि मग पुण्यात त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस शिरलेले आढळत. धाकटे बंधू संजय हे संगणकशास्त्र शिकत होते; त्यांनी ते काढून टाकणाऱ्या आज्ञावली लिहिल्या. त्यातून क्विक हील हे उत्पादन उभे राहिले, आणि २०१६ साली कंपनीचे समभाग बाजारात आले. लक्षात घ्या, उत्पादन तयार होईपर्यंत घर दुरुस्तीच्या दुकानावर चालले होते, आणि व्हायरसचा उपद्रव होतो हे सांगणारा ग्राहक आपल्या पायाने दुकानात येत होता.

एकाजवळ फसलेल्या व्यवसायाचा धडा होता, दुसऱ्याजवळ उच्च विद्या होती, तिसऱ्याजवळ हातातली कारागिरी होती. परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन, उसने पैसे घेऊन, अनोळखी बाजारात उडी मारणारा ह्या तिघांत कोणीही नाही.

ही गोष्ट आपल्याला नवीन वाटण्याचे कारण नाही. कुळागर ज्यांनी लावले आहे त्यांना ती ठाऊक आहे. पोफळीचे रोप लावले की त्याला फळ धरावयास पाच-सहा वर्षे लागतात. कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही, म्हणून शेजारी केळ लावतात. केळ सावली देते आणि वर्षभरात घडही देते. पोफळ वाढेपर्यंत घरात चार पैसे येत राहतात. केळ लावली म्हणून बागायतदार पोफळ विसरला असे कोणी म्हणत नाही. ज्याला पुढे स्वतःचा व्यवसाय करावयाचा आहे त्याने दोन-तीन वर्षे नोकरी केली तर ती ह्या केळीसारखी समजावी. मात्र केवळ केळीवर खूश होऊन पोफळीला पाणी घालणे सोडले, तर बाग होत नाही हेही तितकेच खरे.

आता व्यवसायाचे गणित कागदावर मांडून पाहू. आकडे समजुतीपुरते धरले आहेत. तीन मित्र एकत्र आले. प्रत्येकाने घरखर्चापुरते महिना बारा हजार रुपये घेतले, ते झाले छत्तीस हजार. खोलीचे भाडे सहा हजार, वीज व इंटरनेट तीन हजार, प्रवास व किरकोळ खर्च पाच हजार. एकूण महिन्याचा खर्च पन्नास हजार. एका पतसंस्थेने त्यांना दीड लाख रुपयांचे काम दिले. काम दोन महिन्यांत झाले तर खर्च एक लाख आणि शिल्लक पन्नास हजार. परंतु संस्थेचे सचिव मध्येच नवा तक्ता मागतात, जुन्या खतावणीतील नोंदी जुळत नाहीत, आणि काम चार महिने चालते. आता खर्च दोन लाख झाला आणि मिळकत दीड लाखच राहिली. तिघेही हुशार, तिघांचेही काम उत्तम, तरीही पन्नास हजारांचा तोटा. शिवाय शेवटचा हप्ता लेखापरीक्षणानंतर देऊ असे सांगून संस्थेने आणखी तीन महिने घेतले, तर त्या काळातला खर्च कोठून यावयाचा?

संगणकाच्या व्यवसायात कच्चा माल म्हणजे वेळ, आणि वेळेचा अंदाज ही विद्या वर्गात फारशी शिकवली जात नाही. नोकरीत तुमचा अंदाज चुकला तर त्याची किंमत मालक मोजतो आणि तुम्ही शिकता. उलट, ह्याच तिघांनी दहा संस्थांची कामे करून प्रत्येकीशी वर्षाला पंधरा हजारांचा देखभाल-करार केला, तर दीड लाख रुपये म्हणजे तीन महिन्यांचा खर्च नवे काम न शोधता भागतो. लहान गावातील व्यवसाय टिकतो तो अशा नियमित येणाऱ्या पैशावर.

ग्राहक एकच असणे हाही मोठा धोका आहे, आणि तो ह्या तालुक्याला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. खनिजाच्या वाहतुकीसाठी आपल्याकडे घरोघर कर्जे काढून ट्रक घेतले गेले. ट्रक चांगले होते, चालक कष्टाळू होते. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणकाम थांबले, पुढे काही काळ चालले आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबले. खाण थांबली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही, हे त्या वर्षांत अनेक कुटुंबांनी अनुभवले. परदेशातील एकाच कंपनीचे काम घेऊन कार्यालय थाटणारा संगणक-पदवीधर आणि एकाच खाणीवर अवलंबून असलेला ट्रकमालक यांची स्थिती सारखीच आहे. दुसरा आणि तिसरा ग्राहक मिळेपर्यंत मोठे कर्ज काढू नये.

कर्जाविषयी पालकांशी दोन शब्द बोलतो. आपल्याकडे उद्योगासाठी कर्जाच्या योजना आहेत. राज्यात ई.डी.सी.मार्फत मुख्यमंत्री रोजगार योजना आहे. केंद्राची मुद्रा योजना २०१५ पासून चालू आहे. त्यांचा लाभ जरूर घ्यावा. परंतु तारण लागत नाही याचा अर्थ परतफेड करावी लागत नाही असा होत नाही. आणि जामीन म्हणून सही करताना पूर्ण कागद वाचावा. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, वेगळे ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मुलांनीही हे समजून घ्यावे. साध्या भागीदारीत एका भागीदाराने केलेल्या धंद्याच्या देण्यासाठी दुसऱ्या भागीदाराच्या खाजगी मालमत्तेला हात लागू शकतो. २००८ च्या कायद्याने आलेली मर्यादित दायित्व भागीदारी किंवा खाजगी कंपनी यांत ही जबाबदारी मर्यादित राहते. पण बँकेला व्यक्तिगत हमी लिहून दिली असेल तर ती हमी पाळावीच लागते. राहते घर आणि पोटापुरती जमीन ही दोन्ही कोणत्याही पहिल्या व्यवसायासाठी गहाण ठेवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. मुलगा पडला तर त्याला परत येण्यासाठी ते घर उभे असले पाहिजे.

जो व्यवसायच करणार त्याने आपले हक्कही जाणून घ्यावेत. उद्यम नोंदणी ही शासनाची नोंदणी विनामूल्य आहे आणि १ जुलै २०२० पासून चालू आहे. नोंदणी झालेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे, २००६ च्या कायद्याप्रमाणे, करारात काहीही लिहिले असले तरी, ग्राहकाने जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावयाचे असतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज लागू होते, आणि तक्रारीसाठी राज्याची सुविधा परिषद आहे. हा नियम माहीत नसल्यामुळे कित्येक तरुण आपल्याच पैशासाठी महिनोन् महिने उंबरे झिजवतात.

आता नोकरीचा विचार करू. नोकरी धरणे म्हणजे विचार संपला असे समजू नये. पगाराचा आकडा सर्वजण विचारतात. तेथे काय शिकावयास मिळेल हे फार थोडे विचारतात. ग्राहकाशी बोलण्याची संधी आहे काय, कामाचा अंदाज कसा बांधतात ते पाहावयास मिळेल काय, झालेल्या चुका कोण समजावून देईल, हे प्रश्न मुलाखतीच्या वेळी विनयाने विचारता येतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आल्यानंतर आज्ञावलीच्या ओळी लिहून देणारी साधने सर्वांच्या हाती आली आहेत. ओळी लिहिणे स्वस्त झाले. ग्राहकाला नेमके काय हवे ते ओळखणे, आणि यंत्राने लिहिलेले बरोबर आहे की नाही ते पारखणे, ह्यांची किंमत वाढली. ह्या दोन गोष्टी जेथे शिकता येतील ती नोकरी, पगार थोडा कमी असला तरी, पहिली नोकरी म्हणून चांगली.

नेमणुकीचा करारही वाचून सही करावी. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात संगणकाच्या आज्ञावलीची गणना वाङ्मयकृतींमध्ये केलेली आहे. नोकरीच्या ओघात लिहिलेल्या आज्ञावलीचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. म्हणून कंपनीच्या वेळेत व कंपनीच्या यंत्रावर आपल्या भावी व्यवसायाचे काम करू नये. तसे करणे अप्रामाणिकपणाचे आहे आणि पुढे तोट्याचेही. उलट, स्वतंत्रपणे काम घेऊन लिहिलेल्या आज्ञावलीचा हक्क, तो लेखी देऊन टाकला नसेल तर, सामान्यतः लिहिणाऱ्याकडे राहतो. ग्राहकाशी करार करताना ह्याची आठवण ठेवावी. नोकरी सोडल्यावर तोच धंदा करू नये अशी अट करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. परंतु ठरावीक मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास रक्कम भरावी, ही अट टिकू शकते. एका सरकारी बँकेने घातलेली तीन वर्षांची व दोन लाख रुपयांची अशी अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली वैध ठरवली आहे.

नोकरी आणि व्यवसाय ह्या दोन वाटांविषयी आपण बोलत असलो, तरी पुष्कळ घरांत प्रत्यक्षात तिसरीच वाट धरली जाते, आणि ती म्हणजे सरकारी नोकरीची वाट पाहत बसणे. शासकीय सेवेत जाण्याची इच्छा गैर नाही. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेची तयारी अवश्य करावी. पण ती तयारी काम करता करता करावी. तीन वर्षे घरी बसलेल्या पदवीधराची विद्या शिळी होते, आणि संगणकाची विद्या इतर विद्यांपेक्षा लवकर शिळी होते. ह्याच वाट पाहण्याचा फायदा घेणारेही भेटतात. पैसे द्या, नोकरी लावून देतो, असे सांगून झालेल्या फसवणुकीच्या अनेक तक्रारी २०२४ साली गोव्यात पोलिसांपर्यंत गेल्या. पालकहो, ज्या सोन्यावर आपण मुलाला शिकवले ते अशा माणसाच्या हाती कदापि देऊ नका.

मुलींविषयी वेगळे बोलले पाहिजे, कारण त्यांच्या बाबतीत हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. लग्न होईपर्यंत जवळपास कोठे तरी कामाला जाऊ दे, एवढ्यावर निर्णय होतो. ह्या वर्गात मुलांच्या बरोबरीने, कधी त्यांच्याहून सरस, गुण मिळवणाऱ्या मुली आहेत. वर सांगितलेले तीन प्रश्न त्यांनाही विचारावेत आणि त्यांचे उत्तर ऐकून घ्यावे. दूर गावी नोकरी मिळाली तर मुलाला पाठवताना आपण जी चौकशी करतो तीच मुलीच्या बाबतीत करावी, आणि चौकशीनंतर ठीक दिसले तर तिलाही पाठवावे. देखभालीचे, हिशेबाचे, संकेतस्थळांचे काम तिला घरातून करावयाचे असेल, तर तिला स्वतंत्र खोली, स्वतःचे बँकखाते आणि कामाचे ठरलेले तास मिळू द्या. स्वयंपाक आटोपून उरलेल्या वेळात कोणताही व्यवसाय उभा राहत नाही.

शिक्षकबंधूंना माझी विनंती आहे की शेवटच्या वर्षाचा प्रकल्प हा कपाटात ठेवण्याचा कागद होऊ देऊ नये. आपल्या आसपास काजूचे कारखाने आहेत, दूधसंस्था आहेत, औषधांची दुकाने आहेत, देवस्थानांच्या समित्या आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांच्यापैकी एकाकडे जावे, त्यांची अडचण त्यांच्या भाषेत लिहून आणावी, आणि ती सोडवून दाखवावी. ती सुटली तर पदवीपूर्वीच पहिला ग्राहक भेटला. सुटली नाही तर आपल्याला अजून काय शिकावयाचे आहे ते कळले. अधिकाऱ्यांनाही एक सांगावेसे वाटते. स्थानिक तरुणांना लहान कामे द्या, आणि झालेल्या कामाचे पैसे वेळेवर द्या. अनुदानाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, उपयोग त्यांना वेळेवर आलेल्या देयकाचा होतो.

शेवटी प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. आज घरी गेल्यावर आई-वडिलांसह एक कागद घेऊन बसा. त्यावर घरचा महिन्याचा खर्च लिहा, शिल्लक लिहा, आणि भागून किती महिने निघतात ते पाहा. शिक्षणकर्जाचा हप्ता कधी सुरू होतो ती तारीख लिहा. तुम्हाला पैसे देण्यास तयार असलेल्या ग्राहकांची नावे लिहा. काम चांगले आहे असे नुसते म्हणणाऱ्यांची नकोत. शिल्लक वर्षभराची आणि ग्राहक दोन-तीन असतील, तर व्यवसाय सुरू करा, आणि अमुक महिन्यापर्यंत खर्च निघू लागला नाही तर नोकरी शोधीन असेही त्याच कागदावर लिहा. ग्राहकांची जागा कोरी राहिली, तर नोकरी धरा, आणि तीन वर्षांनी हा कागद पुन्हा काढावयाचा असे ठरवून त्याखाली तारीख घाला. मग त्यावर सर्वांनी सह्या करा. पुढे अडचण आली तर एकमेकांना दोष देण्याची वेळ येणार नाही, कारण निर्णय सर्वांनी मिळून, आकडे पाहून घेतलेला असेल.

तुमची परीक्षा संपली आहे, आणि ह्या कागदावरची उत्तरे मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाहीत. ती घरी बसून तुम्हालाच काढावयाची आहेत. ती खरी निघोत अशी शुभेच्छा व्यक्त करतो.